व्यापाराची जुनी वाट
(भिवापूर येथील प्रौढ वर्गात दिलेले भाषण)



मागच्या आठवड्यात आपण सातवाहन राजांचा धडा वाचला. वर्ग सुटताना एक आजी उठून म्हणाल्या, “गुरुजी, ते राजे मेले, त्यायचे घोडेही मेले. आमाले त्यायचं काय करा लागते? आमाले मिरचीच्या भावाचं सांगा.” सगळे हसले. आम्हीही हसलो. पण घरी गेल्यावर आजींचा प्रश्न मनातून जाईना. प्रश्न खरा होता. म्हणून आज राजापासून नव्हे, मिरचीपासूनच सुरुवात करू.

भिवापूर म्हटले की मिरची. हंगामात बाजारातून चालताना ठसका लागतो. सातऱ्यावर बसून देठ खुडणाऱ्या बायांची बोटे रात्रभर जळतात. आपल्या भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. म्हणजे ही मिरची या मातीची, हे कागदोपत्री मान्य झाले आहे. मग सांगा बरे, मिरची मूळची कुठली? तुम्ही म्हणाल, इथलीच. पण तसे नाही. तिचे मूळ गाव सातासमुद्रापलीकडे, अमेरिका खंडात आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती आपल्या देशात आली. ज्ञानेश्वर महाराजांच्या ताटात मिरची नव्हती.

मग त्याआधी कालवण तिखट कशाने होई? काळ्या मिरीने. मिरी केरळच्या डोंगरातून येई. ‘मिरची’ या शब्दात मिरी अजून बसलेली आहे. मिरीसारखी तिखट, म्हणून मिरची.

सांगायचे हे की, दूरचा व्यापार ही आपल्या चुलीजवळची गोष्ट आहे. आणि तो काही पोर्तुगीजांपासून सुरू झाला असे नाही. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या याच भागातून माल दूरदेशी जात होता. तो कसा जाई, त्यासाठी राजे का भांडत, आणि त्यातून मागे काय उरले, ते आज पाहू.

आधी आपल्या शेजारीच चला. पवनी तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. वैनगंगेवर स्नानाला जाता, देवळांत जाता. तिथे गावाभोवती मातीचा जुना तट आहे. तिथली जगन्नाथ टेकडी ही साधी टेकडी नव्हे. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारत सरकारचे पुरातत्त्व खाते यांनी तिथे खोदकाम केले. तेव्हा आत विटांचा मोठा बौद्ध स्तूप निघाला. स्तूप म्हणजे पूजेसाठी रचलेला गोल, भरीव ढिगारा. त्याभोवती दगडी कठडा होता. कठड्याच्या दगडांवर देणगी देणाऱ्यांची नावे कोरली होती. ती अक्षरे ब्राह्मी लिपीतली आहेत. आपण आज जी बाराखडी गिरवतो तिची ही पणजी.

दुसरे गाव कुही तालुक्यातले अडम. आज लहानसे खेडे. १९८८ पासून चार वर्षे तिथे खोदकाम झाले. तिथेही तट निघाला, तटाबाहेर खंदक निघाला, नाणी निघाली, आणि रंगीत दगडांचे हजारो मणी निघाले. एक मातीचा ठसाही सापडला. त्यावर लिहिले होते ‘असकजनपदस’, म्हणजे अस्सक नावाच्या राज्याचा. ज्या ढेकळांत आपण वखर चालवतो त्यांच्याखाली एका राज्याची मोहोर पडलेली होती!

आता विचार करा. मणी काही पोट भरण्याची वस्तू नव्हे. एका गावाला हजारो मणी कशाला लागतील? ते विकायलाच केले असणार. नागपूरजवळ माहूरझरी येथेही मण्यांचे कारखाने होते. लाल अकीक, गोमेद असे दगड आणायचे, भाजून त्यांचा रंग खुलवायचा, घासायचे आणि मग त्यांना बारीक भोक पाडायचे. सुईच्या नेढ्यात दोरा ओवताना आपले डोळे दुखतात. तो कारागीर तर दगडात नेढे पाडत होता.

लोखंडाचेही तसेच. पारशिवनीजवळ पेंच नदीच्या काठी नैकुंड गाव आहे. तिथे लोखंड गाळण्याची भट्टी सापडली आहे. ती अडीच हजार वर्षांहून जुनी आहे. म्हणजे आपला भाग अडाणी जंगल होता, ही समजूत खोटी आहे. इथे कसबी हात होते. हात असले की माल होतो आणि माल झाला की वाट लागते.

ती वाट कुठे जाई? अडम आणि पवनीहून पश्चिमेला निघा. वर्धा नदीच्या काठी कौंडिण्यपूर लागते. पुढे जालना जिल्ह्यातले भोकरदन. त्याच्याही पुढे गोदावरीकाठचे पैठण. ही सगळी त्या काळची भरभराटीची गावे. ती एका दोऱ्यात ओवली की वाट आपोआप दिसते. पैठण ही सातवाहन राजांची राजधानी. तिथून माल गुजरातेत भरूच बंदराला जाई आणि भरूचहून जहाजात चढे.

हे आम्हाला कसे कळले? एका परदेशी माणसाने लिहून ठेवले म्हणून. इसवी सनाच्या पहिल्या शतकात मिसर देशात राहणारा, ग्रीक भाषा लिहिणारा एक दर्यावर्दी व्यापारी होता. त्याचे नाव कोणाला ठाऊक नाही. पण त्याची वही राहिली. कोणत्या बंदरात काय विकते, काय स्वस्त मिळते, कुठे खडक आहे, कुठे चोर आहेत, सगळे त्याने टिपले. त्यात तो म्हणतो, भरूचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आहे, आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर आहे. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर, संत गोरोबाकाकांचे गाव. पैठणहून गोमेद दगड येतात, तगरहून तऱ्हेतऱ्हेचे सुती कापड येते, आणि हा माल गाड्यांतून वाट नसलेल्या मोठ्या मुलखातून आणतात, असे तो लिहितो. गाड्या, बैल, कापड, दगड. यातले काय आपल्याला परके आहे?

समुद्रावरची वाट पावसाच्या वाऱ्याने चाले. आपला शेतकरी मृगाकडे डोळे लावून बसतो, तसाच तिकडचा खलाशीही याच वाऱ्याची वाट पाही. जुलैच्या सुमारास जहाजे मिसरहून निघत, नैर्ऋत्येचा वारा त्यांना इकडे आणी. हिवाळ्यात वारा उलटला की ती भरून परत जात. येताना ती काय आणत? तांबे, कथील, शिसे, पोवळी, काच, इटलीची दारू, आणि सोन्याचांदीची नाणी. राजासाठी चांदीची भांडी येत, गाणारी मुले येत, देखण्या मुली येत. होय, माणसेही विकली जात. जुन्या वैभवाचे गोडवे गाताना हे लपवू नये. त्या मुलींना कोणी विचारले नसेल, बाई, तुला यायचे आहे का?

इकडून मिरी, हस्तिदंत, अकीक, कापड जाई. रोमच्या लोकांना याची फार चटक लागली. प्लिनी नावाच्या त्यांच्या विद्वानाने तक्रार लिहून ठेवली आहे की, हिंदुस्थान दरसाल आमचे ५ कोटी सेस्टर्स खेचून नेतो. सेस्टर्स हे त्यांचे नाणे. मिसरच्या बेरेनिके बंदरात खोदकाम झाले तेव्हा एका देवळात हिंदी रांजण सापडला. त्यात साडेसात किलो काळी मिरी होती.

आता राजांकडे येऊ. आजी, तुमचे राजे इथेच भेटतात.

एवढा माल वाटेने जाणार म्हटल्यावर वाटेवर कोणाचा ताबा, हा प्रश्न आलाच. वाट सांभाळली की जकात मिळते. जकात मिळाली की फौज ठेवता येते. फौज असली की वाट सांभाळता येते. राजा वाटेवर जगे आणि वाट राजावर जगे. कल्याणच्या बाजूने जुन्नरकडे चढताना नाणेघाट लागतो. घाटाच्या माथ्यावर अजून एक मोठा दगडी रांजण आहे. व्यापारी जकातीची नाणी त्यात टाकीत, असे लोक सांगतात. तिथल्या गुहेत सातवाहनांच्या नागनिका राणीचा लेख आहे. राजघराण्याने केलेले यज्ञ आणि दक्षिणेत दिलेल्या हजारो गायी व नाणी यांची त्यात यादी आहे, तीही आकड्यांसकट. पैसा घाटातून येत होता, म्हणून हिशेबही घाटातच कोरला.

जिथे पैसा, तिथे भांडण. पश्चिमेकडून शक लोकांचे राजे आले. त्यांना क्षत्रप म्हणत. नहपान हा त्यांतला मोठा. भरूच बंदर क्षत्रपांच्या हाती होते, तर कल्याण हे सातवाहनांचे बंदर. तो वहीवाला व्यापारी लिहितो की, पूर्वी कल्याणला रीतसर बाजार होता, पण पुढे तिथे फार अडथळा आला, आणि एखादे ग्रीक जहाज चुकून तिथे गेलेच तर पहारा बसवून त्याला भरूचला नेत. दुसऱ्याचे गिऱ्हाईक आपल्या दुकानात ओढायचे, तशातला प्रकार. फरक एवढाच की इथे हातात तलवार होती.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. त्याचा पुरावा १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी येथे जमिनीतून निघाला. नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी एका ठिकाणी सापडली. त्यांपैकी नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारला होता. नाणी वितळवली नाहीत, फेकली नाहीत. चांदी तीच, मालक बदलला. नाशिकच्या पांडवलेण्यात गौतमीपुत्राच्या आईच्या, गौतमी बलश्रीच्या लेखात त्याच्या ताब्यातल्या मुलखांची यादी आहे. त्या यादीत आपला विदर्भ आहे आणि अस्सकही आहे. अडमच्या ठशावर आपण जे नाव वाचले, तेच हे.

ही ओढाताण आपल्या दारापर्यंत आली होती. पवनीला एक दगडी स्तंभ सापडला. तो महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याच्या स्मरणार्थ उभारलेला आहे. कुठे भरूचचा समुद्र आणि कुठे वैनगंगेचा काठ! पण क्षत्रपांचे नाव तिथून इथवर येऊन पोचले.

राजकारण झाले. आता मागे काय उरले ते पाहा.

बैलगाड्यांच्या वाटेने केवळ माल जात नसे. त्याच वाटेने भिक्षू जात, कारागीर जात, कथा जात, देव जात. म्हणून सह्याद्रीतली लेणी बहुतेक घाटांच्या आणि व्यापारी वाटांच्या आसपास आहेत. व्यापारी तिथे देणगी देई. इटलीत पाँपेई नावाचे शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडले गेले. १९३८ साली तिथे एका घरात हस्तिदंताची हिंदी बाई सापडली. अंगभर दागिने, हात वर उचललेला. तशाच घडणीची हस्तिदंती बाई आपल्या तेरलाही सापडली आहे. तिथल्या लामतुरे संग्रहालयात ती आहे. आणि बेरेनिके बंदरात, जिथे मिरीचा रांजण निघाला तिथेच, २०२२ साली बुद्धाची मूर्ती निघाली. मिरी खाऊन संपते. मूर्ती राहते.

पण आम्हाला याहून मोठी वाटते ती एक ठेव-पावती. हो, ठेव-पावतीच. नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या लेण्यात एक लेख कोरवला. भिक्षूंच्या कपड्यांसाठी त्याने नाशिकजवळच्या गोवर्धन गावातील विणकरांच्या संघाकडे २००० नाणी ठेवली. व्याज दरमहा शेकडा १. दुसऱ्या एका विणकर संघाकडे १००० नाणी, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल काढायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. वर्गात आपण व्याजाचे गणित शिकलो ना? मग करून पाहा. २००० ला शेकडा १, म्हणजे महिन्याला २०. वर्षाचे झाले २४०. लेण्यात भिक्षू होते वीस. प्रत्येकाला कपड्यांसाठी १२ नाणी. वीस बारे दोनशे चाळीस. हिशेब बरोबर जमतो! दोन हजार वर्षांत एक पै चुकलेली नाही.

यात दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली ही की, राजाच्या जावयाने पैसे ठेवले ते विणकरांकडे. कोष्ट्याची पत एवढी होती. आपल्या नागपूर, भंडारा, उमरेड, पवनी भागातल्या कोष्टी बांधवांनी हे मुलांना जरूर सांगावे. दुसरी ही की, तो व्यवहार गावच्या सभेत ऐकवला, फलकावर नोंदला, आणि वर दगडावर कोरला. तोंडी काही ठेवले नाही.

आणखी नावे ऐका. जुन्नरच्या लेण्यांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या संघाने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची टाकी दिली. तिथेच बुरूडकाम करणाऱ्यांचा आणि कासारांचा संघ लेखात आला आहे. कोकणात कुडा येथे कऱ्हाडच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याने लेणे दिले. कार्ल्याच्या मोठ्या लेण्याचे दार घडवणारा सुतार होता धेनुकाकट गावचा, नाव सामी. त्याच कार्ल्यात यवनांचीही, म्हणजे ग्रीक म्हणवणाऱ्या परदेशी लोकांचीही, नावे खांबांवर आहेत. सुतार आणि परदेशी सावकार एकाच छताखाली! हे सगळे लेख प्राकृत भाषेत आहेत. ही बोलणाऱ्या लोकांची भाषा, आपल्या मराठीची पूर्वज. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याच्या मागे अशाच जुन्या लेखांचे बळ होते.

आता आजींच्या प्रश्नाचे उत्तर देतो.

नाणी गेली. कापड कुजले. जहाजे बुडाली. राजे गेले, हे आजी म्हणतात ते खरेच. उरले ते लिहिलेले. सामी सुताराला आपण आज नावाने ओळखतो, कारण त्याचे नाव लिहिले गेले. आणि अडमचा मणी भोसकणारा? नैकुंडच्या भट्टीवर भाता ओढणारी बाई? वीस दिवस बैल हाकणारा गाडीवान? माल त्यांच्याच हातून झाला आणि त्यांच्याच खांद्यावरून गेला. पण त्यांना किती मिळाले, कोणी किती कापले, हे कुठेच लिहिलेले नाही. त्यांच्या बाजूने हिशेब धरणारा कोणी नव्हता.

एक घरची गोष्ट सांगतो. सांगू नये असे वाटत होते, पण इथे सांगितली पाहिजे. आम्ही चवथीत होतो. आमचे बाबा तीन पोती मिरची विकून आले. हातात व्यापाऱ्याची पट्टी होती. बाबांना अक्षर येत नव्हते, अंगठा करीत. आम्हाला नवे वाचन आलेले, म्हणून दिसेल तो कागद मोठ्याने वाचायचो. पट्टी वाचली. वर लिहिले होते, ‘बारदाना वजा’. खाली, हमाली आणि तोलाईच्या पुढे, पुन्हा लिहिले होते, ‘बारदाना वजा’. पोत्याचे वजन दोनदा कापले होते. बाबा तसेच उठले आणि परत गेले. व्यापाऱ्याने मान वर न करता पैसे काढून दिले. भांडण झाले नाही, काही झाले नाही. रात्री जेवण झाल्यावर बाबा कंदील घेऊन आमच्याजवळ बसले आणि म्हणाले, “ते दोन ओळी मले दाखव बरं.” त्यांनी बोट ठेवून ‘बारदाना’ हा एक शब्द ओळखायला शिकून घेतला. जन्मभर त्यांना तेवढाच एक शब्द वाचता आला. पण पुढे त्यांचे बारदान कोणी दोनदा कापले नाही.

त्याआधी किती वर्षे ते कापले जात होते, हे आम्हाला कधी कळणार नाही. ते आमच्या घरचे अडम. मातीखालीच राहिले.

म्हणून आजी, राजांचा धडा वाचायचा तो राजांसाठी नव्हे. वाट कोणाच्या हाती आहे, ठसा कोणाचा आहे, माप कोण धरतो आणि हिशेब कोण लिहितो, हे ओळखता यावे म्हणून वाचायचा. तेव्हा भरूचला ठरे, आज तुमच्या मिरचीचा भाव दूरच्या बाजारांत ठरतो. वाट लांबच आहे, आणि लांबच राहील. तिला भिऊन चालत नाही. मात्र वाटेला लागताना डोळे उघडे हवेत.

पुढच्या शनिवारी येताना प्रत्येकाने घरातली एक पट्टी घेऊन यावी. मिरचीची, धानाची, सोयाबीनची, किराणाची, कोणतीही चालेल. ती आपण ओळीने वाचू. पट्टीवरचे तुमचे नाव नीट लिहिले आहे की नाही, तेही पाहू. आणि दिवस बरा पाहून आपण सगळे पवनीला जाऊ. टेकडीवर चढू. ज्यांनी दोन हजार वर्षांपूर्वी आपली नावे लिहवली, त्यांना आपलीही नावे आता लिहिता येतात, एवढे सांगून येऊ.